डब्यांची रांग

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात नानपुऱ्यातल्या रॉकेलच्या दुकानासमोर माणसं कमी आणि डबेच जास्त उभे असत. डबा रांगेत ठेवायचा आणि आपण सावलीत जाऊन बसायचं, अशी रीतच पडली होती. दुकानदार छगनकाका तर डब्यांनाच हाका मारत. "मधुकरभाई, आगळ आवो," म्हणत आणि पायानं डबा पुढे सरकवत.

एका सकाळी त्या मधुकरभाईंच्या डब्यावर एक पुस्तक होतं. आपला डबा रांगेत ठेवायला आलेल्या शरयूनं ते सहज उचललं. जुन्या रशियन गोष्टी, मराठीत. एकीत एक भित्रा कारकून जिथं तिथं आपल्याऐवजी टोपीच ठेवून येतो. पुढे टोपीला बढती मिळते, टोपीचं लग्न लागतं, आणि बिचारा कारकून पंगतीला जेवून येतो. शरयूला खुदकन हसू आलं.

"हसलात? मला तर रडू आलं होतं..."

ती दचकून वळली. उंच, सावळा, खिशाला शाईचा डाग—कालव्याच्या कचेरीतला कारकून, मधुकर.

मग दर खेपेला दोन डबे शेजारी शेजारी, आणि दोघं निंबाखाली. तापीवरून वारा येई, तिचा पदर उडे. तो पुस्तकात डोळे घालून बसे, पान मात्र उलटत नसे. बर्फाबद्दल बोले, गोष्टींतल्या त्या दूरच्या शहरातल्या वेड्या माणसांबद्दल बोले. स्वतःबद्दल विचारलं, की मूग गिळून गप्प. शरयूला तो फार आवडला होता. पण वाट तरी किती पाहायची?

शेवटी तिनं सांगून टाकलं, की रविवारी धुळ्याचे पाहुणे तिला बघायला येणार आहेत.

मधुकर रांगेकडे बघत राहिला. "पण... मी तर त्यांच्या आधीपासून उभा आहे."

"तुम्ही कुठे?" ती म्हणाली. "तुमचा डबा उभा आहे."

तो उठला. तडक रांगेत गेला आणि त्यानं आपला डबा उचलला. नंबर जाईल हो, असं मागच्या मंगलाबाई म्हणाल्यासुद्धा.

"जाऊ दे," तो म्हणाला. मग शरयूकडे वळून, जरा अडखळत— "बाबा घरी आहेत का... आत्ता?"

ती लाजली. मानेनंच हो म्हणाली, आपलाही डबा उचलला आणि त्याच्या बरोबरीनं चालू लागली. रिकामे डबे एकमेकांवर आपटून वाजत होते.

छगनकाकांनी दुकान उघडून हाक मारली, "मधुकरभाई..." रांगेत दोन डब्यांएवढी जागा मोकळी होती. मंगलाबाईंनी बराच वेळ आपला डबा पुढे सरकवलाच नाही.