दुसऱ्या गिअरची उसंत

रविवारी सकाळी सुकुमार मगदूमांनी शटर वर केलं, लाल गाडीवरची कापडी खोळ काढून तिची घडी घातली आणि नेहमीप्रमाणे डाव्या दारातून आत बसले. पट्टा लावला. उजवीकडची चालकाची जागा रिकामी होती. इंजिन सुरू झालं. तेल गरम होईपर्यंत गाडी जागेवरच गुरगुरत राहिली. मग क्लच आपोआप खाली गेला, गिअरचा दांडा पहिल्यात सरकला आणि गाडी गल्लीत आली.

गल्लीत कुणी मान वर करून पाहिलं नाही. चालकाशिवाय चालणाऱ्या गाड्यांचं कोल्हापुरात आता कुणाला नवल उरलं नव्हतं. दूध तसल्या गाडीनंच यायचं, कचरा तसल्या गाडीनंच जायचा. फरक एवढाच, की बाकीच्या गाड्या सगळ्या एकसारख्या चालायच्या आणि ही त्रिशलासारखी चालायची. त्रिशला म्हणजे सुकुमार अण्णांची बायको. ती गेल्या उन्हाळ्यात पोटाच्या आजारानं गेली होती.

गल्लीच्या तोंडाशी गाडी पहिल्यातून बाहेर पडली आणि दुसरा गिअर पडण्याआधी थोडी थांबली. इंजिनाचा आवाज खाली बसला. तेवढ्या वेळात गाडी ना पहिल्यात होती ना दुसऱ्यात, नुसती आपल्या ओघानं पुढं जात होती. मग दांडा अलगद मागं आला आणि गाडीनं वेग घेतला. त्रिशला वर्षानुवर्षं असंच करायची. बोलता बोलता दुसरा टाकायची वेळ आली की वाक्य तिथंच ठेवायची, थांबायची, आणि गिअर पडला की तिथूनच पुढं बोलायला लागायची. पंचगंगेच्या पुलाकडं जाताना अण्णा त्या थांबण्याची वाट बघायचे. शेजारी कुणी नसलं तरी वाक्य अर्धवट राहिलंय, एवढं त्यांना कळायचं.

माणसाच्या हाती चालणाऱ्या गाड्यांवर रस्त्यावर बंदी येणार असं ठरलं, तेव्हा जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांनी पुष्कळ आरडाओरडा केला होता. शेवटी सवलत मिळाली. जुनी गाडी ठेवा, चालवा, पण तिच्यात सहचालक बसवा. सहचालक म्हणजे चपलेच्या खोक्याएवढी एक पेटी. ती क्लच, ब्रेक, सुकाणू आणि गिअरला छोट्या मोटारींनी जोडलेली असायची. माणूस चालवत असताना ती बघत बसायची, आणि माणूस चुकला, झोपला, घाबरला तर गाडी हातात घ्यायची. घेताना हिसका बसू नये म्हणून ती मालकाची चालवण्याची ढब शिकून ठेवायची. पेटी बसवणारे त्या ढबीला हातवळण म्हणायचे. अक्षराला असतं तसंच.

मगदूमांच्या घरात कामाची वाटणी सरळ होती. चालवायची तिनं, सांभाळायची यांनी. गाडी जपानी, दोन आसनांची, छप्पर मागं पडणारी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दोघांनी ती भंगाराच्या भावात उचलली होती. अण्णांचं उद्यमनगरात लेथचं दुकान आणि छोटी ओतशाळा. सुटे भाग मिळेनासे झाले तसे त्यांनी ते स्वतःच बनवले. सुकाणू मात्र त्यांनी कधी धरलं नाही. धरायला गेले की त्रिशला म्हणायची, "तुम्ही आवाज ऐका. तुमचं लक्ष रस्त्यावर नसतं."

ती गेल्यावर गाडी बरेच दिवस खोळीखाली होती. रंगकामासाठी जागा रिकामी करायची म्हणून अण्णांनी एकदा डाव्या बाजूनंच हात घालून ती सुरू केली. पेटीत एकच हातवळण होतं. गाडी गल्लीतून निघाली, वळली, अंध वळणावर दोनदा हॉर्न वाजवला, तोही त्रिशलासारखाच हलका, माफी मागितल्यासारखा. अण्णांनी ती थांबवली नाही. सरळ पन्हाळ्यापर्यंत जाऊन आले. तेव्हापासून दर रविवार तसाच.

पन्हाळ्यावर चहाच्या टपरीशी जुन्या गाड्यांच्या क्लबातले लोक जमायचे. त्यातला भूपाल चौगुले अण्णांचा शाळेपासूनचा मित्र. त्याची गाडी अण्णांच्या गाडीपेक्षा महाग आणि निम्मा वेळ बंद. तो म्हणायचा, "काय मर्दा, वाघबीळच्या वळणाला वहिनींनी परत मागं टाकलं मला." बाकीचे चपापून चहाकडं बघायचे. अण्णांना मात्र ते आवडायचं. त्रिशलाबद्दल कालच्यासारखं न बोलता आजच्यासारखं बोलणारा तो एकटाच होता.

दसरा जवळ आला तशी अण्णांनी गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. दर वर्षी खंडेनवमीच्या आधी गाडीचं सगळं काम उरकायचं आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालून ती बाहेर काढायची, असा रिवाज होता. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर त्यात पितळेची चमक होती. अण्णांना ते नवीन नव्हतं. दुसऱ्या गिअरचं पितळी कडं झिजलेलं होतं. गिअर बदलताना हे कडं फिरत्या चाकाला घासतं, दोघांचा वेग सारखा करतं आणि मग दात दातात बसतात. कडं झिजलं की वेग जुळायला वेळ लागतो. तो वेळ दिला नाही तर गाडी दात खाते. अण्णा कितीदा म्हणाले होते, की आण गाडी दुकानात, बदलून देतो. त्रिशला म्हणायची, राहू दे, मला कळतं कधी टाकायचा. मग आजारपण आलं आणि ते काम राहूनच गेलं.

बायकोचं राहिलेलं काम म्हणून अण्णांनी या वेळी ते मनावर घेतलं. कडं त्यांनी स्वतः ओतलं. त्यांच्या वडिलांची एक पद्धत होती. नवा भाग ओतताना जुना भाग त्याच मुशीत टाकायचा, म्हणजे नवा यंत्राला परका वाटत नाही. शिकलेले लोक हसायचे, पण मगदूमांच्या ओतशाळेत ती कधी मोडली नव्हती. अण्णांनी झिजलेलं कडं पुसलं, मुशीत सोडलं आणि ते वितळताना बघत उभे राहिले. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी ते पोटभर जेवले.

दसऱ्याला गाडी सुरेख चालली. गिअर लोण्यासारखा पडत होता. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली, अगदी नेहमीसारखी. पुढच्या रविवारीही थांबली, पण अण्णांना वाटलं, आज घाई झाली. त्याच्या पुढच्या रविवारी ते मुद्दाम डोळे मिटून बसले. आवाज खाली बसला न बसला तोच दुसरा पडला. दिवाळी झाली आणि एका सकाळी गाडी पहिल्यातून दुसऱ्यात गेली ती न थांबता. दूधवाल्याची गाडी जाईल तशी.

अण्णा पन्हाळ्याला गेले नाहीत. तिथूनच गाडी शिरोलीकडं वळवायला लावली. तिथं निलोफर मुल्लाणीचं पेट्या बसवायचं दुकान होतं. इंजिनिअर मुलगी, तिशीतली. ही पेटी तिनंच बसवली होती आणि त्रिशलाशी तिचं चांगलं जमायचं. अण्णांनी सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं, तार जोडून पडद्यावर बराच वेळ बघितलं आणि विचारलं, गिअरबॉक्समध्ये काही बदललं का. अण्णांनी अभिमानानं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच गप्प झाले.

निलोफरनं त्यांना बसायला लावलं. मग तिनं सांगितलं ते असं. पेटी म्हणजे काही ध्वनिफीत नव्हे, एकदा भरली आणि तेच वाजत राहिलं असं नसतं. ती रस्त्याबरोबर रोज शिकते. सवय धरून ठेवते, पण त्या सवयीला कारण असेल तोवरच. कारण संपलं की सवय हळूहळू सोडते, कारण विनाकारण उशीर म्हणजे धोका, असा नियम आहे. नवं कडं लगेच पकड घ्यायला लागलं. पेटीला कळलं, आता थांबायची गरज नाही.

अण्णांनी विचारलं, आधीचं परत आणता येईल का.

"आधीचं काही साठवलेलंच नसतं, अण्णा. असतं ते आजचं हातवळण."

"म्हणजे पुढं टायर बदलले तर?"

"तर वळणं थोडी बदलतील."

"ब्रेक?"

"तर थांबणंही," निलोफर म्हणाली. तिनं एक मार्ग सांगितला. पेटीचं शिकणं बंद करता येतं. आहे ते तसंच राहील. पण शिकणं बंद असलेली पेटी रस्त्यावर आणायला परवानगी नाही. गाडी मग दुकानातच ठेवावी लागेल.

अण्णांनी गाडी ठेवून दिली. उभी गाडी मरते हे त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. आता ते स्वतः बघत बसले. हल्लीचं इंधन उसाच्या मळीपासूनचं. ते उभं राहिलं की हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत गंज धरायला लागला. रबरी सील कोरडे पडले, गाडीखाली तेलाचे थेंब दिसायला लागले. टायर एका बाजूला बसले. भूपाल आला, त्यानं खोळ उचलून बघितली आणि चिडला. म्हणाला, "तुझ्या बायकोनं ही दशा बघितली असती तर तुला घरात घेतलं नसतं."  चालवावी तर त्रिशला झिजते, ठेवावी तर गाडी. दोन्हीपैकी एक जाणारच होतं.

शेवटी त्यांनी गाडी परत घोड्यांवर घेतली, गिअरबॉक्स उतरवला आणि आपल्याच हातानं केलेलं कडं बाहेर काढलं. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. अण्णांनी ते बाकावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळलं आणि बारीक कानस घेतली. चांगला भाग मुद्दाम बिघडवायचा हे त्यांच्या हातानं कधी केलेलं नव्हतं. गिऱ्हाइकानं सांगितलं असतं तर त्याला त्यांनी बाहेर काढलं असतं. पहिला हात फिरवताना कानस घसरली. नंतर ती घसरली नाही. जुनं कडं आठवेल तसं ते घासत राहिले. मग कानस ठेवून तिथंच स्टुलावर बसून रडले. ती गेली त्या दिवशीही त्यांना असं रडू आलं नव्हतं. त्या दिवशी माणसं होती, धावपळ होती.

गाडी रस्त्यावर आली. पहिल्या दिवशी तिनं दात खाल्ले. तो आवाज ऐकून अण्णांनी डोळे मिटून घेतले, पण थांबवली नाही. पेटीला उमजायला काही रविवार लागले. मग एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज खाली बसला, गाडी ओघानं पुढं गेली आणि मग दुसरा पडला. अण्णांनी पट्टा घट्ट धरला. पन्हाळ्यापर्यंत त्यांच्या तोंडावर हसू होतं.

परत येताना भूपाल त्यांच्याबरोबर होता. त्याची गाडी वरच बंद पडली होती. तो चालकाच्या रिकाम्या जागेवर बसला आणि आपोआप फिरणाऱ्या सुकाणूपासून हात लांब ठेवून सगळा घाट उतरला. खाली आल्यावर सहज म्हणाला, "माझी पहिली गाडीपण अशीच थांबायची रे, दुसऱ्याला. कडं गेलं होतं तिचं."

अण्णांचं हसू गेलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते निलोफरच्या दारात उभे होते.

त्यांनी कडं घासल्याचं सांगितलं आणि विचारलं, या गाडीत कोरी पेटी घातली, जिनं त्रिशलाला कधी बघितलंही नाही, तर ती थांबेल का. निलोफरला पहिल्या भेटीपासूनच हा प्रश्न येणार हे माहीत असावं. तिनं चहा सांगितला, खुर्ची ओढून समोर बसली.

"थांबेल, अण्णा. कडं झिजलंय म्हटल्यावर कुणीही थांबेल."

"मग मी परत आणलं ते काय?"

तिनं चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, एक करता येईल. त्याच गाडीत, त्याच रस्त्यावर एकदा कोरी पेटी चालवायची, एकदा त्रिशलाअक्कांची. मग एकातून दुसरी वजा करायची. कड्यामुळं जे आहे ते जाईल. टायरमुळं आहे ते जाईल, रस्त्याचं जाईल. मागं जे उरेल ते फक्त त्यांचं. गाडी कितीही नीट केली तरी ते जाणार नाही, कारण त्याला गाडीतलं कारणच नाही.

"किती उरेल?"

"ते केल्याशिवाय नाही कळत. हॉर्नमध्ये काही असेल. वळणात काही. दुसऱ्या गिअरलाही असेल, पापणी लवायला लागते तेवढं."

"आणि काहीच उरलं नाही तर?"

 निलोफर उठली, आतून कोरी पेटी घेऊन आली आणि गाडीच्या उजव्या दाराशी उभी राहिली. अण्णा सवयीनं डाव्या बाजूला आले, दाराच्या मुठीवर हात ठेवला, पण आत बसले नाहीत. या गाडीतल्या कुठल्याही आवाजाचं कारण त्यांनी आजवर न ऐकता सोडलं नव्हतं. नट ढिला असो की बेअरिंग, ते उघडून बघायचे, कारण न बघता चालवणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. हे उघडावं की नाही, ते सांगणारं मात्र आता शेजारी कुणी नव्हतं.

निलोफरनं तारेचं टोक हातात धरलं होतं.  मग हलक्या आवाजात विचारलं, "अण्णा, जोडू का?"