ताई, मागे कुणी आहे का?

घरून काम करायची परवानगी मिळाली तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. वडील अंथरुणाला खिळलेले, आणि कंपनीचं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. साहेबांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. तिने टेबल वडिलांच्या खोलीतच लावलं, पलंगाकडे पाठ करून, म्हणजे खिडकीचा उजेड तोंडावर येईल. हात मागे लांबवला की त्यांच्या पांघरुणाला लागायचा. ऑफिसातल्या मंडळींना तिचा हेवा वाटे. घरबसल्या नोकरी, वर बापाची सेवा!

कान मात्र दिवसभर गिऱ्हाइकांचे. बंद पडलेली वॉशिंग मशीन, न फिरकलेला मेकॅनिक, सगळ्यांची रडगाणी ऐकायला कंपनीने भलेमोठे हेडफोन दिले होते. ते चढवले की वरच्या मजल्यावरची ठोकाठोकसुद्धा गायब. दुपारी ती वडिलांना भरवायची, कूस बदलून द्यायची आणि पुन्हा कान झाकून बसायची. त्यांची कधी कुरकुर नसे.

ते गेले तेव्हाही ती तिथेच होती. मीटिंग संपली, हेडफोन काढून ती मागे वळली, तर सगळं आटोपलेलं. "झोपेतच गेले. त्यांना कळलंसुद्धा नसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या एका वाक्याच्या आधारावर ती उभी राहिली. भावाला फोनवर तेच सांगितलं, शेजारणीलाही तेच. हाक मारली असती तर मला ऐकू आली नसती का, असं ती मनाशी म्हणायची आणि पलीकडे ठेवलेल्या हेडफोनकडे बघायचं टाळायची.

आठवड्याने ती पुन्हा कामाला बसली. गादी गुंडाळून ठेवलेली, पलंगाच्या नुसत्या फळ्या. सकाळची मीटिंग सुरू झाली.

"ताई, मागे कुणी आहे का हो?" टीममधल्या पोराने विचारलं. त्याची टकळी कधी थांबत नसे, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. "तुम्हाला बोलावतंय कुणीतरी."

तिने वळून पाहिलं. "शेजारचा टीव्ही असेल रे."

दुसऱ्या दिवशी साहेबच बोलता बोलता थबकले. "ताई, आधी बघून या. आम्ही थांबतो."

ती हेडफोन काढून खोलीच्या मधोमध उभी राहिली. नळ ठिबकत होता. जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजल्या. बाकी काही नाही.

तिने हेडफोन बदलले. खिडक्या लावून घेतल्या. शेवटी टेबल ओढत स्वयंपाकघरात नेलं. तरी तिने माईक चालू केला की पडद्यावरचे चेहरे गप्प व्हायचे. रेडिओची बडबड आटली. कुणीतरी आडून आडून सुचवलं, की तिने माईक बंदच ठेवावा.

रात्रंदिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. ते वडील असतील, तर त्यांनी हाक मारली होती. मग डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य कुठल्या तोंडाने धरून ठेवायचं? आणि तरीही तो आवाज एकदा, एकदाच, आपल्या कानावर पडावा म्हणून ती तडफडत होती. जगाला तो ऐकू येत होता, फक्त तिलाच नाही.

त्या सकाळी तिने सरळ विचारलं.

"काय म्हणतोय तो आवाज? मला येत नाही ऐकू. माझे वडील आहेत ते."

"म्हातारा आवाज आहे," साहेब चाचरत म्हणाले. "पाणी मागताहेत."

"आणखी?"

"तुम्हाला हाका मारताहेत. सारख्या."

तिला हुंदका आवरेना. तो कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तिने माईक बंद केला आणि दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

पडद्यावरचे चेहरे तसेच कान देऊन बसले होते.

रेडिओने आपले हेडफोन काढून ठेवले. त्याचे डोळे भरले होते.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो ताई," ते म्हणाले, "'दोन मिनिटं थांबा, मीटिंग चालू आहे' असं काय सांगताय त्यांना? द्या ना पाणी."