होडीतला लाहू

मुक्ताच्या हाताला गुण होता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. कॉम्प्युटरचे चार क्लास करून मिरवणारे तलासरीपासून डहाणूपर्यंत पैशाला पासरी झालेत. मुक्ताचं काम बघायला मात्र माणूस खुर्ची ओढून बसायचा. वरोरच्या मच्छीमारांसाठी ती प्रोग्रॅम करत होती. कुठली होडी समुद्रात आहे, तिच्यावर कोण कोण आहे, हे एका पडद्यावर दिसावं, एवढंच मागणं. त्यांच्यातल्याच काशीनाथ तांडेलाची ती मुलगी. बाबा समुद्रात गेले की आईचा जीव कसा टांगणीला लागतो, हे तिने लहानपणापासून बघितलं होतं. त्यामुळे हे काम तिने जीव ओतून करायला घेतलं.

असा पडदा, प्रोग्रॅम चालवण्याआधी, मांडायचा असतो डिझायनर नावाच्या खिडकीत. तयार चौकटी उचलायच्या, हव्या तिथे ठेवायच्या. जिच्यावर क्लिक करावं तिचे गुणधर्म बाजूला रांगेने दिसतात: रंग, आकार, अक्षर. काहींपुढे अधिकचं चिन्ह असतं, ते दाबलं की त्याच्या पोटातले आणखी गुणधर्म उलगडतात. तयार चौकटींना हे आयतं येतं. आपण बनवलेल्या चौकटीला मात्र ते आपणच शिकवावं लागतं, आणि तिथे भलेभले हात टेकतात. मुक्ताने 'होडी' नावाची चौकट बनवली, तिला 'खलाशी' हा गुणधर्म दिला आणि जेवणखाण विसरून त्याच्याशी झटत बसली. दुपारी तिने अधिक दाबलं. खलाशी उलगडला. त्याच्यापुढे पुन्हा अधिक. ते दाबलं, तर वय, पोहणं, दोरकाम, सगळं ओळीने खाली उतरलं.

"वा गं बाई!" ती स्वतःलाच म्हणाली. म्हणू दे की! काम तसंच झालं होतं.

नमुना म्हणून तिने एक माणूस टाकला होता. गावात कुणाचंच नाही असं नाव दिलं, लाहू. वय तीस. पोहणं उत्तम, दोरकाम उत्तम. खोट्या माणसाला द्यायचं तर हात आखडता कशाला घ्या? मग बाबांच्या होडीच्या चौकटीत लाहूच्या खाली तिने खरी चार नावं भरली. बाबा, धनेशमामा, शैलेश, दर्शन. लाहूला नंतर काढू म्हणेपर्यंत आईची हाक आली.

"मुक्ता, बाहेर ये गो! वारा बघ!"

किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील दांड्यांसकट वाळूत लोळत होते. समुद्र काळा पडला होता. बाबांचा फोन लागेना, वायरलेसवर नुसती खरखर. आई ओरडायची थांबली आणि गप्प उभी राहिली. ती गप्प झाली की मुक्ताचं धाबं दणाणायचं.

दिवस बुडायच्या आत होड्या आल्या. एकूण एक आल्या. मुक्ता वेड्यासारखी पाण्यात धावली. बाबा उतरले, पाठोपाठ धनेशमामा, शैलेश, दर्शन.

त्यांच्यामागून आणखी एक जण उतरला.

"या लाहूने वाचवलं मला," बाबा म्हणाले. "दोर तुटला, मी पाण्यात. याने उडी काय मारली, मला उचललं काय! शाबास रे पठ्ठ्या!"

"कोण लाहू?" मुक्ताने विचारलं.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"घाबरलीय पोर," धनेशमामा म्हणाले.

"असं काय करतेस?" आई म्हणाली. "दिवाळीला आपल्याकडेच असतो ना तो? तिखट सोसत नाही त्याला."

तिशीचा उंच, शांत माणूस. अख्खं बंदर त्याचं कौतुक करत होतं आणि तो मान खाली घालून ऐकत होता. मुक्तालाही राहवलं नाही. बाप समोर जिवंत उभा होता, तिने त्या माणसाचे हात हातात घेतले. त्या हातांना दोराचा एक घट्टा नव्हता.

घरी आल्यावर बाबा आणि तो ओट्यावर चहा घेत बसले. मुक्ताने आत जाऊन लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅम अजून एकदाही चालवलेला नव्हता. जे काही होतं ते नुसतं डिझायनरमध्ये होतं.

तिने लाहूपुढचं अधिक दाबलं.

वय. पोहणं. दोरकाम.

त्याखाली आणखी एक ओळ होती. ती तिने लिहिली नव्हती.

घर.

त्यापुढे रिकामं.

तिने 'लाहू' निवडलं. बोट डिलीटवर ठेवलं.

बाहेर बाबा कशालातरी मोठ्याने हसले. हे नाव पुसलं, तर बाबांना पाण्यातून काढलं कुणी? मुक्ताने बोट उचललं.

"मुक्ताताई."

तो दारात उभा होता.

"सगळे आपापल्या घरी निघाले," तो म्हणाला. तक्रार नव्हती आवाजात. तो नुसता थांबला होता.

तिने भरलं. काशीनाथ तांडेल यांचं घर, वरोर.

त्याने सुस्कारा सोडला.

"उपकार झाले, ताई. बाकीच्या होड्यांवरच्यांचंही तेवढं भरा."

मुक्ताने पडद्याकडे पाहिलं. गावातल्या सगळ्या होड्या तिने नमुन्याच्या त्या एकाच चौकटीवरून कॉपी करून मांडल्या होत्या. नावं सावकाश बदलू म्हणून.

तिने शेजारची होडी निवडली. अधिक दाबलं. लाहू. घर, रिकामं.

त्यापुढची. लाहू. घर, रिकामं.

तिने खिडकीतून बंदराकडे पाहिलं. माणसं केव्हाच पांगली होती. होड्या ओळीने लागल्या होत्या, आणि बाबांची सोडून प्रत्येकीत एक जण अजून बसून होता. सगळ्यांची तोंडं याच घराकडे होती.