नमुना ठेवून जा

"गळ्यातली किल्ली काढावी लागेल, काका. एमआरआयच्या खोलीत लोखंडाला प्रवेश नाही."

बाबांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. लेकीनं कपाळाला हात लावला. अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत लोह किती साठलंय, ते मोजणाऱ्या अभ्यासात बाबांचं नाव होतं. दोनदा ते याच दारातून परत फिरले होते आणि आजची संधी शेवटची होती. माणसं, वार, जेवलो की नाही, सगळं विसरणारे बाबा घराची किल्ली तेवढी सोडत नव्हते.

"काका काय करायचे?" स्कॅनवाल्यानं विचारलं. त्याची नजर तिच्या पावसानं भिजलेल्या केसांवर गेली... आणि घाईघाईनं कागदांवर परतली. तिनं ते बरोबर पाहिलं.

"किल्ल्या बनवायचे. आता दुकान मी बघते."

"मग लोक आपली किल्ली तुमच्या हातात देतातच की."

"द्यावीच लागते. नमुना ठेवून जातात, डुप्लिकेट झाली की दोन्ही एकदम—" ती थांबली. तीच युक्ती त्यालाही सुचली. दोघांना एकदमच हसू आलं.

तो बाबांसमोर उकिडवा बसला. "डुप्लिकेट करायचीय ना, काका? नमुना ठेवून जा."

बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. "दात नीट घास. घाई नको."

स्कॅन निर्विघ्न पार पडला. बाहेर येताच बाबांनी विचारलं, "झाली?"

"अजून नाही..."

"मग राहू दे तुझ्याकडं. अर्धवट काम मी नेत नाही."

स्कॅनवाल्याचा चेहरा पाहून तिला हसू आवरेना. "रविवारी दुकानात या. हे काही तुमच्या आवाक्यातलं काम नाही."

"शिकवणारी असेल तर जमेल."

"शिकवणारी कडक आहे."

रविवारी तो किल्ली घेऊन दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर होता. "काका?"

"वरच्या खोलीत." तिनं कानस उगाचच पुसली. "इथं लोखंडाचा कीस उडतो. जन्मभर तोच नाकातोंडात गेला... तोच डोक्यात साठला असेल, म्हणून सहा महिने खाली येऊ देत नाही."

"असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "लोह सगळ्यांच्याच मेंदूत असतं. या रुग्णांमध्ये जास्त का साठतं, त्यामुळं आजार होतो की आजारामुळं ते साठतं, तेच तर शोधतोय आम्ही. भीती वाटते तर मास्क लावू. पण त्यांचं दुकान त्यांच्यापासून तोडू नका."

तिचे डोळे भरून आले. सहा महिन्यांचं ओझं छातीवरून उतरलं.

मास्क लावून बाबा आपल्या जुन्या स्टुलावर बसले. पहिल्यांदा हात अडखळला, मग कानस नव्या किल्लीवर लयीत चालू लागली. ती दोघं शेजारी उभी होती, खांद्याला खांदा लागेल न लागेल इतकी जवळ.

"तुम्हाला आमच्याकडं दर वेळी नव्यानं ओळख सांगावी लागेल," ती पुटपुटली.

"सांगेन. ओळख करून घ्यायला तर आलोय... तुमची आधी."

"इतक्या लांब, फक्त त्यासाठी?"

"तुम्ही आवडता मला. किल्ली निमित्त होती."

 तिनं त्याच्या बाहीवर पडलेला कीस बोटानं अलगद झटकला.

बाबांनी जुनी किल्ली गळ्यात घातली आणि नवी त्याच्यापुढं धरली. "तू कोण ते आठवत नाही रे. पण दुसरी किल्ली नेहमी घरच्या माणसाकडं ठेवायची."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. "परत देऊ?"

"नको," ती म्हणाली. "ठेवा. दार जरा घट्ट आहे... उघडताना थोडं ढकलावं लागतं."