तीन घासांची बाई

"अहो बाई, तुम्ही चक्क थुंकलात!"

गुरुग्रामच्या एका मोठ्या हॉटेलात नव्या वाइन चाखायला आम्ही जमलो होतो. सगळीकडे इंग्रजी चाललेलं, आणि माझ्या उजव्या कानाशी हे मराठी! वळून पाहिलं तर साठी ओलांडलेले एक गृहस्थ, खादीचं जाकीट, हातातला ग्लास लख्ख रिकामा. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचूनच ते बोलले होते.

"थुंकायचंच असतं," मी म्हणाले. "घोट तोंडात घोळवायचा, चव टिपायची आणि त्या भांड्यात टाकायचा. गिळत गेलं तर पुढच्या सगळ्या वाइन सारख्याच लागतात."

"पुतण्याची द्राक्षं आहेत ती, नाशिकची. छाटणीला मी उभा होतो. थुंकू कसा?"

"मग हा कितवा?"

"सहावा." ते गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही मला दोन दिसताय... पण हरकत नाही. दोघीही छान आहात."

या वयात कोणी असं म्हटलं की आधी रागवावं की हसावं, तेच कळत नाही. मी हसले.

त्यांचं नाव भालचंद्र राजवाडे. कृषी मंत्रालयातून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून गाझियाबादला एकटेच. आणि मी — एकतीस वर्षं दिल्लीच्या एका इंग्रजी पेपरात दर रविवारी खाण्यापिण्यावर लिहिणारी. खोड फार जुनी. पहाडगंजच्या मराठी शाळेत मधल्या सुट्टीत मी प्रत्येकीच्या डब्यातले तीन घास घ्यायचे आणि कुणाच्या आईचा हात कसा, ते सांगायचे. पुढे त्याचीच नोकरी झाली.

असे जाहीर कार्यक्रम सोडले तर या नोकरीत ओळख द्यायची नसते. टेबल खोट्या नावानं घ्यायचं, बिल पेपरनं भरायचं. पण एकटी बाई सहा पदार्थ मागवायला लागली की आतला शेफ सावध होतो, म्हणून जोडीला कुणीतरी लागतं. माझी जोडीदारीण कौशल्या नुकतीच लेकीकडे पुण्याला गेली होती. भालचंद्ररावांना विचारलं, तर ते एका पायावर तयार.

"मोठ्यानं मत द्यायचं नाही," मी बजावलं. "मी चमचा पालथा ठेवला की आपसात ताटल्या बदलायच्या. आणि ताटली संपवायची नाही, पुढे आणखी पदार्थ असतात."

"संपवायची नाही?" ते हादरलेच. "आईनं कानफटात दिली असती!"

आम्ही मेहरौलीला गेलो, हौज खासला गेलो, नोएडाच्या मॉलमध्ये गेलो. त्यांनी प्रत्येक ताटली पुसून खाल्ली. कांद्याचा नुसता फेस वाढणाऱ्या एका महागड्या जागी वेटरला म्हणाले, "भैया, असली वाला प्याज़ मिलेगा क्या?" टेबलाखालून मी त्यांचा पाय दाबला.

"पाय दाबलात की मला आणखीच बोलावंसं वाटतं," ते हळूच म्हणाले.

माझं चित्त मात्र थाऱ्यावर नसायचं. तीन घास, टिपण, घड्याळ — की पुढचं टेबल. आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली. मुनिरकाच्या घरात ओट्यावर दुधाच्या पिशवीपलीकडे काही नसायचं. घरी दहा मिनिटं बसलं की पाय वळवळायचे, पर्स उचलून मी बाहेर.

"तुम्ही पोटभर कधी जेवता हो?" त्यांनी एकदा विचारलं.

"पोटभर जेवलं की झोप येते."

"मग झोपावं! दिल्ली कुठं पळून जातेय?"

मे महिन्यात त्यांनी मला घरी बोलावलं. रविवारची दुपार. बाहेर आंधी सुटलेली, खिडक्यांच्या काचांवर धूळ तडतडत होती. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, आमटी... वाढून ते समोर बसले. कडक इस्त्रीचा कुर्ता, कपाळावर घाम. स्वतः घासही घेतला नाही, नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

आणि मी काय केलं? तीन घास खाल्ले. चमचा पालथा ठेवला. माझं ताट त्यांच्याकडे सरकवून त्यांचं माझ्याकडे ओढलं. पर्समधून डायरी काढून लिहिलं, 'भाकरी जाड. आमटीत गूळ पुढे.' मग घड्याळ पाहिलं. हातांनी आपलं आपणच सगळं करून टाकलं...

त्यांनी ते उलट्या बाजूनं वाचलं.

"गूळ पुढे. खरं आहे," ते शांतपणे म्हणाले. "कितीला निघायचंय?"

"चारला नोएडाला, पण —"

"मग निघा. चंद्रप्रभाबाई, मला परीक्षा द्यायची नव्हती हो. जेवायला माणूस हवं होतं."

त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. दोन आठवडे मी एकटीच फिरले. हौज खासच्या वेटरनं सवयीनं दोन ताटल्या मांडल्या. "मैडम, सर नहीं आए?" मी तीन घास खाल्ले, डायरी उघडली... एक शब्द सुचेना. तिथून उठून दुसरीकडे गेले, तिथूनही उठले.

संपादक कृतिकाचा फोन आला, "मॅम, कॉलम कधी देताय? आप ठीक हो ना?"

"बिल्कुल," मी म्हणाले. आणि गाझियाबादकडे जाणारी वैशाली स्टेशनची मेट्रो पकडली.

दुपारी दीडला, न कळवता, त्यांच्या दारात उभी राहिले. आतून फोडणीचा वास येत होता.

"काय काम काढलंत?" भालचंद्ररावांनी विचारलं.

"काही नाही."

"पुढे नोएडाला जायचं असेल."

"कुठंच जायचं नाही."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "डायरी?"

"घरी आहे."

"कालच्या शिळ्या पोळ्यांचा कुस्करा केलाय. तुमच्या लायकीचं काही नाही."

"भालचंद्र," मी म्हणाले, "आत घ्या हो. ऊन लागतंय."

त्यांनी दार पूर्ण उघडलं.

आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी दोन ताटल्यांत कुस्करा वाढला. मग ते बोलू लागले. "सहा वर्षं मी ओट्याशी उभं राहून जेवतोय. टेबलावर पेपरांची रद्दी साचली होती. त्या रविवारी ती काढली. दोनदा पुसलं टेबल. तुम्ही येणार म्हणून सकाळपासून आमटी तीनदा चाखली, गूळ तेव्हाच जास्त पडला असणार. घाबरलो होतो हो... या वयात!" ते स्वतःशीच हसले. हसताना त्यांचा डावा डोळा जरा जास्त मिटतो. हे मला आजवर दिसलंच नव्हतं.

"मीठ कसं झालंय?" त्यांनी अचानक विचारलं.

मी खाली पाहिलं. ताटली जवळजवळ संपली होती.

"मला... नाही सांगता येणार."

"एकतीस वर्षं खाण्यावर लिहिताय, आणि मीठ सांगता येत नाही?"

"लक्षच नव्हतं," मी म्हणाले. "तुमच्याकडे बघत होते."

ते उठले, उरलेला कुस्करा अर्धा-अर्धा वाढला आणि खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसले.

"हे छापायचं नाही हं, चंद्रप्रभा," ते म्हणाले.