आतला मंगळवार

अडतीस नंबरचं कार्ड भलत्याच खणात होतं.

नोंदबाईंनी पर्स टेबलावर ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. कार्ड तिथंच होतं.

भिंतभर लाकडी फळा होता आणि फळ्यावर खण. दाखल, पहिलं वाचन, समिती, दुसरं वाचन, तिसरं वाचन, दुसरं सभागृह, मंजूर. संसदेत आलेल्या प्रत्येक विधेयकाचं एक कार्ड. ते आज कुठवर आलंय हे विचारेल त्याला सांगायचं, एवढंच या खोलीचं काम. बाई ते सत्तावीस वर्षं करत होत्या आणि त्यांचे गुडघे त्याची साक्ष देत होते.

सगळ्यात खाली दोन खण होते. एक 'मागे घेतलं', दुसरा 'नामंजूर'. मागे घेतलेलं विधेयक पुढच्या अधिवेशनात परत मांडता येतं. नामंजूर झालेलं मात्र या सभागृहाची मुदत संपेपर्यंत, म्हणजे अजून चार वर्षं, पुन्हा दारात उभं राहू शकत नाही.

अडतीस नंबर 'मागे घेतलं'मध्ये होतं. आणि आज तीन वाजता त्याच्यावर मतदान व्हायचं होतं.

"टाचण्या, हे कुणी हलवलं?"

"मीच, बाई." त्यांचा सहायक जागेवरून उठला. पन्नाशीचा माणूस, एकोणीस वर्षं याच खोलीत. शर्टाच्या खिशावर टाचण्यांची रांग खोचलेली असायची, म्हणून सगळे त्याला टाचण्या म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं. "पत्र आलंय. काल तुम्ही गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेलात ना, त्यानंतर पेटीत सापडलं. शिक्का मारून नोंद केली."

बाईंनी पत्र उचललं. ज्या खासदार ताईंनी विधेयक मांडलं होतं, त्यांचं लेटरहेड. खाली त्यांची सही. वर तारखेपुढे 'मंगळवार'. मधे टाइप केलेल्या दोन ओळी: 'आज सकाळीच माझ्यावर शस्त्रक्रिया झाली असून मला सक्तीची विश्रांती सांगितली आहे. सबब विधेयक क्रमांक अडतीस मी मागे घेत आहे.'

बाई खुर्चीत बसल्या. याच ताईंनी गेल्या आठवड्यात या खोलीत उभं राहून सांगितलं होतं, "वेळ आली तर स्ट्रेचरवरून येऊन मत देईन."

दगड कापणाऱ्या आणि दगडाला पॉलिश करणाऱ्या कामगारांच्या फुफ्फुसांत धूळ बसते. त्यांच्या उपचाराचा भार मालकांनी उचलावा, असं ते विधेयक होतं. इमारतीत सगळे त्याला धुळीचं विधेयक म्हणत. आजवर सहा वेळा आलं आणि सहाही वेळा कुठल्या ना कुठल्या समितीत झोपून गेलं. सातव्या खेपेला पहिल्यांदाच मतदानापर्यंत पोचलं होतं.

फोन वाजला. सभागृहाचे सचिव होते.

"बाई, ताईंचा फोन बंद आहे. दोनच्या आत मला सांगा, पत्र खरं की खोटं."

"साहेब, मी नोंदी ठेवते. पोलीस नाही."

"पोलीस बोलावले तर उद्या पेपरात येईल." त्यांनी फोन ठेवला.

अकरा वाजले. टाचण्याने रोजच्यासारखा घरी फोन लावला. "दादा, नळी नीट लावलीस ना? बोलू नकोस, नुसतं हूं म्हण." पलीकडून काय आलं कुणास ठाऊक, पण त्याने मान हलवली आणि फोन ठेवला. हा फोनही बाईंनी कित्येक वर्षं ऐकला होता.

ताईंचा पीए धापा टाकत आला. बँकेतून निवृत्त होऊन या कामाला लागून त्याला सहा आठवडे झाले होते, आणि अजून त्याला जिने पाठ नव्हते.

"ताई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. काल सकाळी ऑपरेशन झालं. मी पहाटेपासून तिथंच होतो, आत्ता येतोय. डॉक्टर म्हणाले होते, उद्या शुक्रवारपर्यंत बोलायचं नाही, पण आज एक वाजता दोन मिनिटं देतील." त्याची नजर भिंतीवर गेली. "अहो, तुमचं कॅलेंडर दोन दिवस मागे आहे. मंगळवारच दाखवतंय. फाडू का?"

"हात लावू नका!" बाई आणि टाचण्या एकदमच म्हणाले.

बाईंनी त्याला थोडक्यात समजावलं. मंगळवारी सभागृहात इतका गोंधळ झाला की अध्यक्षांनी बैठक थांबवली. थांबवली, संपवली नाही. बुधवारीही तेच. बैठक संपल्याचं जाहीर होत नाही तोवर आत दिवस बदलत नाही. इथला प्रत्येक कागद, प्रत्येक शिक्का अजून मंगळवारचाच.

"म्हणजे बाहेर गुरुवार आणि आत मंगळवार?"

"आम्हाला सवय आहे. आता हे पत्र बघा. तुम्ही आणलंत?"

"नाही."

"सही कुणाची?"

"ताईंचीच." त्याने रुमाल काढला.

"सही केलेले कोरे कागद किती होते?"

पीए कपाळ पुसत राहिला.

"किती?"

"दोन. ताईंनी दवाखान्यात जाण्याआधी सह्या करून दिले, अडीअडचणीला असावेत म्हणून. एकावर मी मतदानाची सूचना टाइप केली."

"आणि दुसरा?"

"फाइलीत होता. सोमवारी सूचना द्यायला आलो तेव्हा अख्खी फाइलच इथे ठेवून गेलो." त्याने दाराजवळच्या रॅककडे बोट केलं. "बाई, ताईंना सांगू नका. या वयात कोण ठेवणार मला?"

बाईंनी फाइल काढली. कोरा कागद नव्हता. रॅक दाराला लागून होता. येणारा-जाणारा कुणीही हात घालू शकत होता.

आणि येणारा-जाणारा तेवढ्यात आलाच. दगड व्यापाऱ्यांच्या संघटनेने संसदेत ठेवलेला माणूस. बारा महिने कोट घालायचा, रोज फळ्यावरून विधेयकांची हालहवाल डायरीत उतरवायचा आणि रॅकला टेकून उभा राहायचा. त्याने फळा पाहिला आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"मागे घेतलं? असं कसं घेतलं?"

"मांडणाऱ्याला मागे घेता येतं. मतदानासाठी विधेयकाचं नाव पुकारेपर्यंत कधीही."

"अहो, मी एकेक मत मोजून ठेवलंय! ताई गैरहजर, त्यांच्या बाजूचे निम्मे गावाला. आज पडलं असतं तर चार वर्षं डोक्याची कटकट गेली असती. आता चार महिन्यांनी पुन्हा तेच दळण!"

"तुम्हाला आनंद व्हायला हवा होता."

"कसला डोंबलाचा आनंद?"

"तुमची डायरी बघू. कालचं पान."

कोटवाल्याने फणकाऱ्याने डायरी पुढे केली. 'बुधवार. क्र. ३८. दुसरं वाचन. उद्या तीनला मतदान.' बाईंनी डायरी परत दिली. कोटवाला बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि लगेच कुणालातरी फोन करून ओरडू लागला.

"मतदान पुढे नसतं का ढकललं?" पीएने विचारलं.

"एकदा ढकललंय. दुसऱ्यांदा ढकलता येत नाही." हे टाचण्याने सांगितलं. तो खिडकीशी पाठ करून उभा होता.

एक वाजता पीएच्या फोनवर ताई आल्या. आवाज अगदी बारीक होता.

"मी नाही लिहिलं, बाई. काल मी शुद्धीवरच नव्हते. कुणाची एवढी हिंमत झाली?"

"शोधते," बाई म्हणाल्या.

त्यांनी पत्र पुन्हा समोर ठेवलं. पहिली ओळ वाचली. मग तारीख वाचली. मग पुन्हा पहिली ओळ. चहा आला, निवला, साय धरली. त्यांना फार थकल्यासारखं वाटत होतं, आणि हा थकवा गुडघ्यांचा नव्हता.

दोनला पाच कमी असताना सचिव स्वतः खाली आले. पीए उभा राहिला. कोटवाला दारातून आत सरकला आणि त्याला हाकलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"पत्र खोटं आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "सही खरी, कागद खरा, मजकूर खोटा. सही केलेला कोरा कागद या रॅकवरून गेला."

"मग हाच!" सचिवांनी कोटवाल्याकडे पाहिलं. "विधेयक बुडालं तर फायदा याचाच."

"विधेयक बुडालेलं नाही, साहेब. बुडणार होतं ते आज तीन वाजता. मागे घेतल्यामुळे ते वाचलं. यांना मतदान हवं होतं. सकाळपासून ते माझ्यावर खेकसतायत, ते उगाच नाही. ज्याने पत्र लिहिलं त्याला विधेयक मारायचं नव्हतं, जगवायचं होतं."

"म्हणजे पीए?"

"पत्रात लिहिलंय, 'आज सकाळी शस्त्रक्रिया झाली'. ती झाली बुधवारी. म्हणजे पत्र बुधवारी लिहिलं. पण वर तारीख आहे मंगळवार. मला आधी वाटलं, लिहिणाऱ्याला ऑपरेशनचा दिवस माहीत नव्हता. तसं नाही. त्याला ऑपरेशन पक्कं माहीत होतं. तो विसरला ते एवढंच, की दवाखान्यात बुधवार असतो."

सचिवांनी पत्र उचलून तारीख पाहिली.

"दवाखान्यातून ताईंनी पत्र लिहिलं असतं तर बुधवार घातला असता. पीएंनीही. आत दिवस थांबतो, हे त्यांना आज सकाळी माझ्याकडून कळलं. ते तर कॅलेंडर फाडायला निघाले होते. कोटवाल्यांना नियम पाठ आहे, पण त्यांची डायरी बाहेरच्या दिवसाने चालते, मी पान पाहिलं. बैठक थांबली की कागदावर हात आपोआप मंगळवार लिहितो, असं या खोलीत फक्त दोघांचं होतं. वर्षानुवर्षांची सवय आहे. त्यातली एक काल दुपारी गुडघ्यांना सुई टोचून घेत होती."

कुणी मागे वळून पाहिलं नाही. वळायची गरज नव्हती.

"टाचण्या," बाई म्हणाल्या, "दादा कुठे काम करायचा रे?"

"पॉलिशला." तो खिडकीपासून हलला नाही. "बत्तीस वर्षं. तुम्हाला माहितीये, बाई."

"माहितीये. म्हणूनच दुपारपासून मला दुसरं काहीतरी सापडावं असं वाटत होतं."

"मी काल पीएंना दोनदा फोन केला. ताईंना विचारा म्हणणार होतो. त्यांनी उचलला नाही."

"दवाखान्यात फोनचा आवाज बंद ठेवायला लावतात हो," पीए पुटपुटला.

"आणि उचलला असता तरी मी काय सांगणार होतो? आपल्याला सल्ला द्यायची मनाई." टाचण्याचा आवाज चढला नाही. "सहा वेळा मी या हाताने त्या कार्डावर 'मुदत संपली' लिहिलंय. सहा वेळा घरी जाऊन दादाला सांगितलंय, पुढच्या वेळी. आज पडलं असतं तर चार वर्षं. दादाकडे चार वर्षं नाहीत, बाई. चार महिने असतील कदाचित."

एकोणीस वर्षं या माणसाने बाईंच्या टेबलावर एक खोटा कागद येऊ दिला नव्हता.

सचिवांनी घसा साफ केला. "चौकशी होईल. ओळखपत्र जमा करा. आणि पत्र खोटं म्हणजे विधेयक पुन्हा यादीत. तीनला मतदान."

कोटवाल्याने कोटाचं बटण लावलं. त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच हसू आलं होतं.

बाईंनी उठून अडतीस नंबरचं कार्ड उचललं आणि दुसऱ्या वाचनाच्या खणात ठेवलं. मग त्यांनी पीएचा फोन मागून घेतला. डॉक्टरांकडे आणखी दोन मिनिटं मागून ताईंना सगळं सांगितलं, गाळलं काहीच नाही.

ताईंनी एकच विचारलं.

"बाई, तुम्ही इतकी वर्षं बघताय. आज पडेल का?"

या खोलीचा एकच धर्म होता. विधेयक कुठे आहे ते सांगायचं; कुठे जाईल ते सांगायचं नाही. बाईंनी तो सत्तावीस वर्षं पाळला होता. साहेब समोर उभे होते.

"पडेल," बाई म्हणाल्या. "दहा-बारा मतांनी."

साहेबांनी पीएच्या खांद्यावरून फळ्याकडे पाहिलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

तीनला दहा कमी असताना पीए दवाखान्यातून परत आला. जिने त्याला आता पाठ झाले होते. ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, अक्षर वेडंवाकडं, ओळी उतरत्या. 'विधेयक क्रमांक अडतीस मी मागे घेत आहे. पुढच्या अधिवेशनात पुन्हा मांडीन.' वर तारखेपुढे 'गुरुवार'.

बाईंनी त्यावर मंगळवारचा शिक्का मारला. कोटवाला शिव्या घालत जिना उतरला.

टाचण्याने ओळखपत्र टेबलावर ठेवलं. मग खिशावरच्या टाचण्या एकेक काढून डबीत टाकल्या. "फळ्याला लागतील," तो म्हणाला आणि गेला. बाईंनी डबीचं झाकण लावलं.

पाच वाजता अध्यक्षांनी बैठक संपल्याचं जाहीर केलं. बाईंनी कॅलेंडरची दोन पानं एकदम फाडली. फोन वाजला.

"विधेयकांची खोली का?" आवाज पुरुषाचा होता, प्रत्येक शब्दामागे श्वास ओढून घेतलेला. "एक विचारायचं होतं. अडतीस नंबर... कुठवर आलं?"

बाईंनी तो आवाज कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला.

"मागे घेतलंय. पुढच्या अधिवेशनात परत येईल."

"म्हणजे पडलं नाही?"

"नाही."

"अधिवेशन... कधी?"

"चार महिन्यांनी."

नळीतून हवा जात-येत असल्याचा आवाज येत राहिला.

"जमवतो," तो म्हणाला. मग पुन्हा श्वास घेऊन, जरा हळू आवाजात, "आणि बाई, माझा भाऊ तिथंच असतो. त्याला सांगू नका मी फोन केला होता. बोललो की रागावतो."

"नाही सांगत," बाई म्हणाल्या.