आबांनी बुडवलेली नाव

"ये बाहेर, विंचू असतात तिथं," शंभूराज लांबूनच म्हणाला.

राजेश्वरीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. करंजाखाली पालथ्या घातलेल्या त्या नावेखाली ती निम्मी शिरली होती. आतून बघितलं तर दोन फळ्यांच्या मधून ऊन सरळ डोळ्यांवर येत होतं.

"फटी आहेत नुसत्या. पण लाकूड कुजलेलं नाही," ती म्हणाली.

"मग काय करायचं तिचं?" शंभूराजनं विचारलं आणि उत्तर न ऐकता पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं.

शंभूराज हा राजेश्वरीचा मामेभाऊ, दहा वर्षांचा. बोलावं तर अख्ख्या गावात तो एकटाच, आणि त्याला बोलायला वेळ नव्हता. राजेश्वरीच्या बाबांची फौजेत दूर बदली झाली होती. तिकडे क्वार्टर लावायला आई गेली आणि राजेश्वरीला कुंडलहून इकडे साताऱ्याकडच्या आजोळी धाडलं. धरणकाठचं गाव म्हटल्यावर तिला वाटलं होतं, धमाल येणार. कसली धमाल! सुट्टी लागली की इथली पोरं मुंबई-पुण्याला जात. मामा-मामी कामात. आबा, म्हणजे तिचे आजोबा, सयाजी, ओट्यावर बसून दिवसभर पाण्याकडे बघत. फोनवर ती आईला "मजा चाललीय" असं सांगायची आणि फोन ठेवला की परसात जाऊन रडायची. तिला फार एकटं वाटत होतं.

नाव आबांची होती. आबा आणि त्यांचा दोस्त नाथाजी एकाच पलटणीत होते. शिडाची नाव चालवायला ते तिथंच शिकले, आणि पेन्शनीत आल्यावर दोघांनी मिळून ही नाव बांधली. नाथाजी वारला तेव्हा आबांनी ती पालथी घातली, आणि तेव्हापासून त्यांचं बोलणंही आटत गेलं.

त्या दिवशी जेवताना भाऊसोमामानं सांगून टाकलं, "ती नाव रविवारी जातीय. हॉटेलवाला टेंपो घेऊन येणार हाय. दारात ठेवून तिच्यात झाडं लावणार म्हणं. लोक फोटो काढत्यात."

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. ते राजेश्वरीनं बघितलं.

"चालत असती तर ठेवली असती का, मामा?"

"तिच्यातनं आभाळ दिसतंय, ती काय चालतीय?" मामा हसला. "रविवारपर्यंत पाण्यावर चालवून दाखवा, मग ऱ्हाऊ दे की."

मोठी माणसं मुलांना असा शब्द सहज देऊन टाकतात आणि हात धुवायला उठतात. मुलं तो घट्ट धरून बसतात, हे त्यांना कधी कळायचं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी कामाला लागली. डांबर तापवायचंय म्हटल्यावर शंभूराजनं चक्क मोबाईल घरी ठेवला. दोघांनी फटींत काथ्या कोंबला, वरून डांबर थापलं, कपडे काळे केले आणि मामीच्या शिव्या खाल्ल्या. मग खाली गोल बांबू घालून नाव ढकलत ढकलत पाण्यापर्यंत नेली.

नाव पाण्यात गेली आणि चहूबाजूंनी पाणी आत यायला लागलं.

"गेलं सगळं डांबर वाया," शंभूराज कपाळावर हात मारून म्हणाला.

"वाळली नसेल नीट. उन्हात कडक वाळवू आणि परत डांबर लावू."

त्यांनी नाव काठावर ओढली आणि उन्हाला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतात तर नाव जागेवर नाही! ती गुडघाभर पाण्यात तळाला बसली होती आणि आत दगड भरले होते.

"हे मुद्दाम केलंय कुणीतरी," राजेश्वरी म्हणाली. या गावात माझं म्हणून एक काम सापडलं होतं, तेही कुणाला बघवत नाही, असं तिला वाटलं.

दगड काढून, बादलीनं पाणी उपसून त्यांनी नाव पुन्हा वर घेतली, पुन्हा वाळत ठेवली. जेवून आले, तोवर ती पुन्हा बुडालेली.

"पप्पाच असणार. शब्द दिलाय ना, आता अंगावर आलाय," शंभूराज म्हणाला.

"बघूच."

त्यांनी तिसऱ्यांदा नाव वर काढली. पुढच्या दुपारी गाव जेवून लवंडलं तशी दोघं करंजामागे दबा धरून बसली. थोड्या वेळानं उतारावरून कुणीतरी हळूहळू आलं. डोक्याला टॉवेल, हातात दगड. ते आबा होते. दगड खाली ठेवून त्यांनी बांबूंवरून नाव पाण्यात सरकवली आणि मग ती भरायला लागले.

"आबांचं डोकं फिरलं का काय?" शंभूराज कुजबुजला.

राजेश्वरी रागानं उठणारच होती, पण थांबली. आबा दगड फेकत नव्हते, अलगद ठेवत होते. मग पाण्याखाली हात घालून फळ्यांचे सांधे चाचपत होते. असं चाचपताना तिनं आधी कुणाला तरी बघितलं होतं. कुठं बरं?

कुंडलला! उसाचा हंगाम संपला की शेजारचे आकारामतात्या बैलगाडीची चाकं ओढ्याच्या पाण्यात टाकून ठेवत. उन्हानं लाकूड आक्रसतं, चाकावरची लोखंडी धाव ढिली होते. पाणी पिऊन लाकूड फुगलं की चाक पुन्हा घट्ट.

ती करंजामागून बाहेर आली. "आबा, लाकूड फुगवताय ना?"

आबा चोरी पकडलेल्या पोरासारखे उभे राहिले. "व्हय."

"आम्ही तीनदा वाळवली की हो ती."

"म्हणून तर परत परत बुडवाय लागली, बाई."

"मग सांगायचं नाही का?" शंभूराज चिडून म्हणाला.

"कसं सांगू? नाथाजी गेला तवा मी एकटाच नाव काढीन म्हणून तुझा बाप भ्याला. त्येला शब्द दिलाय, पाण्यावर पाय ठेवणार न्हाई म्हणून." आबा पाण्याकडे बघत बोलत होते. "टेंपो यायच्या आधी एकदा फिरून येणार हुतो. एकटाच."

"एकट्याला चालवता येते?" राजेश्वरीनं विचारलं.

"नीट न्हाई. सुकाणूला एक लागतो आन् शिडाच्या दोरीला एक. दोरी नाथाजीची."

राजेश्वरीला एकदम कळलं, की या घरात एकटं पडलेलं माणूस आपण एकटेच नाही. ती म्हणाली, "दोरी मी धरते. पण गुपचूप जायचं नाही. सगळ्यांच्या समोर, रविवारी."

मग शिकवणी सुरू झाली. कांद्यावर झाकायच्या निळ्या ताडपत्रीचं शीड झालं. नाव पाण्याखाली फुगत होती तोवर आबांनी काठावरच धडे दिले. वारा कानानं न्हाई, गालानं ओळखायचा. दोरी हाताला गुंडाळायची न्हाई, नुसती धरायची. समोरून वारा आला की सरळ जायचं न्हाई, नागमोडी जायचं. राजेश्वरी चुकली की ते ओरडत, आणि त्यांचं ओरडणं ऐकून मामी चकित होऊन दारात येत असे.

रविवारी टेंपो आला. भाऊसोमामा हॉटेलवाल्याला घेऊन काठावर उतरला, तर करंजाखाली नुसता शंभूराज.

"नाव कुठाय रं?"

शंभूराजनं बोट दाखवलं. लांब पाण्यावर निळं शीड फुगलं होतं. सुकाणूवर आबा, दोरीवर राजेश्वरी, दोघांच्या अंगात लाँचवाल्याकडून मागून आणलेली जॅकेटं.

"आबा, माघारी फिरा!" मामा ओरडला.

परतीला वारा समोरून होता. राजेश्वरीचे तळवे सोलवटले होते, पण तिनं दोरी सोडली नाही. नाव एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशी वळणं घेत काठाला आली. तळाशी वाटीभरसुद्धा पाणी नव्हतं. हॉटेलवाल्यानं ते बघितलं आणि रिकामा टेंपो वळवला.

मामा पँट भिजवत पाण्यात आला. "मला शब्द दिला हुता, आबा."

"व्हय. मोडला मी," आबा म्हणाले. "पर तूबी पोरांना एक दिलायस. आन् ही पोरगी लय तयारीची हाय. नाथाजी असता तर दोरी खुशाल दिली असती हिला."

"शाब्बास गं पोरी. शंभ्या, तूबी." मामा एवढंच बोलला आणि नावेच्या काठावरून हात फिरवत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "मी ल्हान हुतो तवा रोज हितंच उभा असायचो. तुमी दोघं जायचा. मला कवा न्हेलं न्हाई."

"तू कवा म्हणालास?"

"रोज म्हणायचो."

राजेश्वरी जॅकेट काढून पाण्यात उतरली, आणि ते मामाला देऊन तिनं दोरीही त्याच्या हातात दिली.

"हाताला गुंडाळू नका, मामा. नुसती धरा."

नाव निघाली. मामानं दोरी चुकीच्या वेळी ओढली आणि नाव गर्रकन फिरली. आबांचं ओरडणं पाण्यावरून काठापर्यंत आलं आणि त्यामागून मामाचं हसू.

"आता आपण काय करायचं?" शंभूराजनं विचारलं.

"थांबायचं," राजेश्वरी म्हणाली, आणि दोघं ओल्या पायांनी काठावर शेजारी शेजारी बसली.